ज्या गाण्यावर नाना नाचले

हर्षी, तुझा फोटो चुकीचा लावला होता. कामतघरच्या नाक्यापासून तुमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत तुझे बॅनर लागले होते आणि प्रत्येक बॅनरवर तू नारिंगी साडीत, कपाळाला टिकली लावून, हात जोडून उभी. तो तुझ्या चुलतबहिणीच्या लग्नातला फोटो. त्या दिवशी तू साडीखाली काळे बूट घातले होतेस आणि फोटोग्राफर तिसऱ्यांदा 'मॅडम, स्माइल' म्हणाला तेव्हा त्याच्या आईबहिणीचा उद्धार केला होतास, ते काही बॅनरवर दिसत नव्हतं. खाली मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'भिवंडीची कोकिळा'. मला आधी हसू आलं. मग त्याच बॅनरखाली मी असा रडलो की एका रिक्षावाल्याने थांबून मला पाण्याची बाटली दिली.

कोकिळा म्हणे. तू गायला लागलीस की पहिल्या रांगेतली माणसं एक पाऊल मागे सरकायची. मी तुझ्या मागे ड्रमवर बसून इतकी वर्षं तेच बघत आलो. तू गाणं म्हणायची नाहीस, गाण्याने हाणायचीस. तुझ्या गळ्यातून रक्त पडलेलं मी बघितलंय, बेसिनमध्ये. डॉक्टर म्हणाला होता, असंच ओरडत राहिलात तर आवाज कायमचा जाईल. तू त्याला म्हणालीस, "जाऊ दे ना, जाताना कुणाला तरी घेऊन जाईल."

आवाज गेला नाही. तूच गेलीस. वडप्याला, भर दुपारी, रिव्हर्स घेणाऱ्या एका कंटेनरने तुला स्कूटरसकट गोडाऊनच्या भिंतीवर दाबलं. मी पोहोचलो तेव्हा लोकांनी ड्रायव्हरला खाली खेचून लोळवला होता. मीही दोन लाथा घातल्या. तो नुसता "भैया, दिखा नहीं, भैया, दिखा नहीं" करत होता. तू असतीस तर तिसरी लाथ घातली असतीस की माझी कॉलर धरून मला मागे ओढलं असतंस, हे मला अजून ठरवता येत नाही. तुझं काहीच आधी सांगता यायचं नाही. तुझं हेल्मेट माझ्या घरी आहे. आई त्याला हात लावत नाही, आणि मी ते हलवत नाही.

पहिल्यांदा भेटलो ते काल्हेरच्या हळदीत, आठवतं? तुमच्याकडची हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी. आमची बेंजो पार्टी वाजवत होती. मी ड्रमला, पुढे की-बोर्ड, समोर दोन-अडीचशे माणसं घामाने निथळत नाचत होती. तू कॉलेजात होतीस. आमच्या गाणाऱ्याच्या हातातून तू माइक ओढून घेतलास आणि असलं काही गायलीस की मी ठेका विसरलो. मग नवरदेवाचा कुठलासा दारू प्यालेला मामा तुझ्या कमरेला हात घालायला आला. तू गाणं थांबवलं नाहीस. फक्त माइक तोंडासमोरून काढून त्याच्या तोंडावर मारलास. त्याच्या दातांचा आवाज स्पीकरमधून अख्ख्या काल्हेरने ऐकला.

नंतर खुर्च्या उडाल्या, मंडप फाटला, माझ्या ड्रमवर कोणीतरी आडवा झाला. तुझे वडील, म्हणजे सगळ्या गावाचे नाना, आले आणि तुला केसांना धरून गाडीपर्यंत फरफटत नेलं. कोणी मध्ये पडलं नाही. आम्ही वाजवणारी माणसं, आमची काय टाप. आठवड्याने तू आमच्या प्रॅक्टिसच्या जागी हजर. एक डोळा सुजून बंद. दुसऱ्या डोळ्याने माझ्याकडे बघत म्हणालीस, "दिन्या ना तू? तुला त्या दिवशीपेक्षा जोरात वाजवता येतं काय?"

येत होतं. मला तोवर कोणी विचारलं नव्हतं, एवढंच.

मी तेव्हा वडप्याच्या गोडाऊनमध्ये लोडिंगवर होतो. रविवारी तिथे शुकशुकाट असायचा. वॉचमनला बिर्याणी चारून आपण आत शिरायचो. उंच पत्रे, रिकामी रॅक, एक ठोका मारला की तीनदा परत यायचा. ठाण्याची दोन पोरं गिटार आणि बेस घेऊन यायची, पहिल्या दिवशी तुला मॅडम म्हणायची, दुसऱ्या दिवसापासून घाबरायची. तिथेच आपण पहिला इंग्रजी अल्बम रेकॉर्ड केला. एका गाण्यात मागून फोर्कलिफ्टचा हॉर्न येतो. लोकांना वाटलं आपण मुद्दाम टाकलाय.

आणि फ्रेंच. तुझं फ्रेंच ही गंमतच होती. अकरावीला मार्क मिळतात म्हणून घेतलेला विषय. पुढे त्याच फ्रेंचवर तुला लॉजिस्टिक्सच्या ऑफिसात नोकरी लागली, पार्सल का आलं नाही म्हणून फ्रान्सची माणसं तुला फोनवर झापायची. चांगलं फ्रेंच तू पुस्तकातून शिकलीस आणि खरं फ्रेंच त्यांच्या शिव्यांमधून. पुढे तिकडे स्टेजवर तू त्याच शिव्या त्यांना परत केल्यास तेव्हा लोक खूश होऊन टाळ्या वाजवत होते. मला तेव्हा वाटलं होतं, बरं झालं, यांना यांचाच माल परत पोहोचला.

ठाण्याचा तो शो मात्र मला वेगळ्या कारणाने आठवतो. तू इंग्रजीत गात होतीस आणि मागून एकजण सारखा ओरडत होता, "ए, मराठीत गा ना. लाज वाटते काय?" पहिल्यांदा तू दुर्लक्ष केलंस. मग त्याने बाटली फेकली, ती माझ्या झांजेवर फुटली. तू स्टेजवरून उडी मारलीस, गर्दीतून वाट काढत त्याच्यापर्यंत गेलीस आणि त्याला दोन्ही हातांनी थोबडवलंस. मी मागे ठेका धरून ठेवला होता. तू परत आलीस आणि बरोबर जिथे सोडलं होतं तिथून गाणं उचललंस. नंतर मी विचारलं, काय चुकीचं बोलला तो? मराठीत का नाही गात तू? तू पाणी पीत होतीस. नुसती म्हणालीस, "मराठीत मी फक्त मार खाल्लाय."

मी ते टाळीचं वाक्य समजलो. तसली वाक्यं तू खूप टाकायचीस.

खरं काय ते मला कळलं फ्रान्समध्ये. आपला अल्बम ऐकून तिकडच्या एका स्टुडिओने आपल्याला बोलावलं होतं. त्या गावात पोहोचल्यावर आपण दोघं एकमेकांकडे बघून हसलो होतो. उंच धुराडी, विटांच्या लांब लांब इमारती, काचा फुटलेल्या. बंद पडलेल्या कापड गिरण्यांचं गाव. आपली अर्धी भिवंडी अशीच बंद पडते आहे आणि आपण हजारो मैल उडून पुन्हा लूमच्याच दारात. स्टुडिओसुद्धा जुन्या गिरणीत. आत शिरल्यावर भिंतीला एक काचेचं कपाट होतं, गिरणीची आठवण म्हणून मांडलेलं. कांड्या, कात्री, आणि मधोमध एक धोटा, मागावर सूत घेऊन इकडून तिकडे धावतो तो. लाकडी, दोन्ही टोकांना लोखंडी टोपी. आपल्याकडे कोणत्याही कारखान्यात पडलेला असतो तसाच.

तू त्याच्यासमोर उभी राहिलीस. मी म्हणालो, चल ना. तू कोपर मारून काच फोडलीस.

किती रक्त आलं होतं, हर्षी. स्टुडिओचा मालक पोलीस बोलवायला निघाला होता. मी तोडक्या इंग्रजीत त्याच्या हातापाया पडत होतो आणि तू त्या काचांमध्ये फतकल मारून बसली होतीस, धोटा मांडीवर घेऊन. मग बोलायला लागलीस. इतक्या वर्षांत तू माझ्याशी इतकं सलग मराठी पहिल्यांदाच बोललीस.

तुझी आई, मथुराकाकी, धवलारीण. तुमच्याकडच्या लग्नांत तिचा मान भटजीच्या आधी. ती धवले, म्हणजे लग्नविधीची गाणी, गात नाही तोवर नवरीला हळद लागत नाही. आणि काकींचं म्हणणं असं की धवलारणीला बोलावणं आलं तर नाही म्हणता येत नाही, मग घर दुश्मनाचं का असेना. नानांचं काल्हेरच्या जमिनीवरून चुलतभावाशी वाजलं होतं, तोंड बघणं बंद होतं. त्याच घरात लग्न निघालं. नानांनी बजावलं, जायचं नाही. काकी गेल्या. गाऊन परत आल्या तेव्हा नाना घरामागच्या लूमच्या कारखान्यात होते. तू तिथेच खेळत होतीस. नानांनी हाताला लागला तो धोटा उचलला आणि काकींच्या तोंडावर मारला. एकदा नाही.

मग त्यांनी तुझ्यासमोर बसून तुला शिकवलं काय बोलायचं ते. धोटा उडाला. चालत्या लूमवरून कधीकधी धोटा सुटतो, माणसाला लागतो, भिवंडीत ते कोणालाच नवीन नाही. डॉक्टरने विचारलं, तू सांगितलंस, धोटा उडाला, मी बघितलं. शाळेतल्या बाईंना सांगितलंस. मामाला सांगितलंस. मामा काकींना न्यायला आला होता आणि तुझं ऐकून परत गेला. काकीही तेच सांगत होत्या, जेवढं त्या जबड्यातून सांगता येत होतं तेवढं. "आणि त्या दिवशी लाइट नव्हती, दिन्या," तू म्हणालीस. "सकाळपासून लाइट गेलेली. सगळे लूम बंद. बंद लूमवरून धोटा कसा उडतो, हे एकाने विचारलं नाही."

काकींचा जबडा तिरका बसला. त्यानंतर त्या गायल्या नाहीत.

त्याच दिवशी, कोपराला टाके घालून, तू ते गाणं रेकॉर्ड केलंस. शब्द तुझ्याकडे आधीपासून होते, फ्रेंचमध्ये, मला ठाऊक नव्हतं. मला म्हणालीस, लूमचा ठेका दे. मी लूमची खटखट धरली आणि दुसऱ्या कडव्याला, मला स्वतःलाही न कळता, तिचा हळदीचा ठेका झाला. तू मान हलवलीस, राहू दे. पहिली ओळ, त्या दिवशी लाइट नव्हती. कोरसला एकच वाक्य पुन्हा पुन्हा, धोटा उडाला नव्हता. आणि शेवटी ती किंकाळी. मालक काचेच्या पलीकडे उभा होता, फोन हातात घेऊन. किंकाळी संपली तेव्हा त्याने फोन खिशात टाकला आणि काचा झाडायला लागला. परत पोलिसांचं नाव काढलं नाही.

त्या गाण्याने तुला तिकडे नाव दिलं. गावागावांतून बोलावणी आली, बायका स्टेजजवळ येऊन तुझा हात धरून रडायच्या. आणि मग ते गाणं आपल्याकडे आलं. फोनमधून, कोणाच्या तरी स्टेटसवरून, आमच्याच की-बोर्डवाल्याच्या हाती लागलं. त्याला शब्दाशी काय देणंघेणं, त्याने ठेका ऐकला. काल्हेरपासून वडप्यापर्यंत प्रत्येक हळदीत ते वाजायला लागलं. डीजेवाल्यांनी त्याला आणखी जोर चढवला. किंकाळी आली की सगळी पोरं हात वर करून तिच्यावर किंकाळी मारायची.

नानांच्या पुतण्याच्या हळदीत मी वाजवत होतो. तू तिकडच्या दोन दौऱ्यांच्या मधे घरी आली होतीस, बाजूला थंड्याची बाटली घेऊन उभी. नाना स्वतः आमच्यापाशी आले. सोन्याची साखळी, पांढरा शर्ट हळदीने पिवळा. "वाजव रे दिन्या. माझ्या पोरीचा फ्रेंच गाना. माझ्या पोरीनी परदेशान नाव काढला."

आम्ही वाजवलं. आणि नाना नाचले. खांदे उडवत, बोटं वर करून, डोळे मिटून. त्या दिवशी लाइट नव्हती, यावर नाना गिरकी घेत होते. धोटा उडाला नव्हता, यावर त्यांना दोघांनी खांद्यावर उचललं. तुझा आवाज स्पीकरमधून जे झालं होतं ते सगळं त्यांच्या तोंडावर सांगत होता आणि ते 'वन्स मोअर' ओरडत होते. बायकांच्या खुर्च्यांमध्ये काकी बसल्या होत्या. किंकाळी आली तेव्हा त्यांनी हळूच आपल्या जबड्याला हात लावला. मी बघितलं. तू बघितलंस की नाही, तुला विचारायचं राहिलं.

तू हसत होतीस. त्या हसण्याने माझं डोकं फिरलं.

आपलं शेवटचं मोठं भांडण तेच. हळद आटोपल्यावर मंडपामागे, मी ड्रमच्या काठ्या पिशवीत भरत होतो. मी म्हणालो, हे चालणार नाही. एकदा मराठीत म्हण. एकदाच. नानांसमोर.

"नाचू दे ना," तू म्हणालीस. "जेवढा नाचेल तेवढं मला बरं वाटतं."

"तुला बरं वाटतं. काकींना काय वाटतं?"

तेव्हा तू माझ्या हातातली काठी हिसकावून माझ्या तोंडावर मारलीस. डाव्या भुवईवरची ती खूण आता आयुष्यभर राहणार. रक्त बघून तू स्वतःच ओढणी लावलीस, दाबून धरलीस, आणि तशीच शिव्या देत राहिलीस. "तुला काय वाटतं, मला येत नाही? मी प्रयत्न नाही केला? ज्या तोंडाने ते खोटं सांगितलं ना, डॉक्टरला, बाईंना, मामाला, त्या तोंडातून खरं निघतच नाही. मराठीत तोंड उघडलं की 'धोटा उडाला' येतं. म्हणून दुसरीकडून गेले. तिकडून गेले म्हणून निदान बाहेर तरी आलं."

"मग मी सांगतो."

"सांगून बघ. दात पाडीन तुझे. ती आईची गोष्ट आहे. आईच्या आधी कोणी बोलायचं नाही. मीही नाही आणि तू तर नाहीच."

मी म्हणालो, काकी या जन्मात बोलणार नाहीत. तू म्हणालीस, मग या जन्मात कोणी बोलणार नाही. आणि ओढणी माझ्या कपाळावर तशीच सोडून निघून गेलीस. चार दिवसांनी फोन केलास जणू काही झालंच नाही, नवीन गाण्याचा ठेका तोंडाने वाजवून दाखवलास. भांडण मिटलं नव्हतं. आपण ते बाजूला ठेवलं होतं, पुढच्या वेळेसाठी. मला वाटायचं, आपल्याकडे पुढची वेळ भरपूर आहे.

काल तुझी श्रद्धांजली सभा झाली. बारावं झाल्यावर नानांनी कारखान्यासमोरच्या मैदानात स्टेज घातलं, नेते बोलावले, खुर्च्या मांडल्या. आदल्या दिवशी मला घरी बोलावून घेतलं. रडले. खोटं सांगत नाही हर्षी, ते खरोखर रडले, माझ्या खांद्यावर डोकं ठेवून. मला त्यांचा गळा धरावासा वाटत होता आणि माझा हात त्यांच्या पाठीवरून फिरत होता. मग डोळे पुसून म्हणाले, "उद्याला तिचा त्यो गाना वाजवायचा. तिच्या आवाजान. तू संगतीला वाजव. दुखाचा कार्यक्रम हाय, हलू वाजव."

तुझं ते गाणं. हळू.

मी हो म्हणालो. रात्रभर माझ्या डोक्यात एकच. माइक समोर असणार. सगळं कामतघर समोर असणार. तू नाहीस, दात पाडायला कोणी नाही. सांगून टाकावं. आणि लगेच तुझं ते वाक्य, आईच्या आधी कोणी नाही. मेलीस तरी माझ्या तोंडावर हात ठेवूनच मेलीस. तुला आणि तुझ्या शब्दाला मी इतक्या शिव्या दिल्या की आई उठून बघायला आली.

संध्याकाळी सभा सुरू झाली. एका नेत्याने तुझं नाव चुकीचं घेतलं. एकाने तू देशाची शान वाढवलीस म्हणून सांगितलं. पहिल्या रांगांत तेच लोक होते, लूमवाले, गोडाऊनवाले, प्रत्येक हळदीत तुझ्या किंकाळीवर हात वर करणारे. मग नाना माइकवर आले. "आता माझ्या पोरीचा गाना," म्हणाले आणि माझ्याकडे बघून मान हलवली. की-बोर्डवाल्याने बटणावर बोट ठेवलं. मी काठ्या उचलल्या. मी सांगायचं ठरवलं होतं की नाही, मला खरंच माहीत नाही.

"थांब," कोणीतरी म्हणालं.

काकी बायकांमधून उठून आल्या होत्या. स्टेजच्या पायऱ्या चढताना त्यांनी पदर कमरेला खोचला, जसा लग्नघरी खोचत असतील. नाना म्हणाले, "तू बस. तुना काय बोलाचा हाय?" काकींनी त्यांच्याकडे बघितलंही नाही. माझ्यापाशी आल्या आणि म्हणाल्या, "दिनेश, मी सांगते तवा वाजव." मला दिनेश म्हणणारी ती एकटीच बाई.

मी त्यांच्या कानाशी म्हणालो, काकी, तुम्हाला माहीत आहे त्या गाण्यात काय आहे ते?

"मना भाषा कलत न्हाय," त्या म्हणाल्या. "पन शेवटाला ती किंकाली मारते ना, ती माझी हाय. आपली किंकाली मानूस वलखतो."

माइक नानांच्या हातात होता. काकींनी तो काढून घेतला. त्यांचा आवाज मी मोठा कधी ऐकलाच नव्हता. तिरक्या जबड्यातून शब्द घासत येत होते, पण येत होते.

"माझी पोर या गान्यान काय सांगत होती, तुमी कोनी विचारला न्हाय. सगले नाचले. मी सांगते. माझा ह्यो जबरा मोडला त्या दिवशी लाइट न्हवती."

एवढंच.

दुसऱ्या गावात लोकांना समजावून सांगावं लागलं असतं. कामतघरात लागलं नाही. पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या लूमवाल्याने मान वर केली. मग त्याच्या शेजारच्याने. मैदानातून ते वाक्य मागे मागे जाताना मला दिसत होतं. माझा बाप आयुष्यभर लूमवर उभा राहिलेला माणूस, तो तिसऱ्या रांगेत होता. तो शेजारच्याला म्हणाला, "लाइट नव्हती तर धोटा उडंल कसा?" इतकी वर्षं जो प्रश्न कोणी विचारला नाही, तो माझ्या बापाने साध्या आवाजात विचारला आणि सगळ्यांना ऐकू गेला.

नानांचा चेहरा काळा पडला. "हिच्या डोक्यावर परिनाम झालाय," ते म्हणाले आणि माइक ओढायला गेले. काकींनी सोडला नाही. नानांचा हात वर गेला. हर्षी, तो हात मी ओळखत होतो, तुझ्या सुजलेल्या डोळ्यावरून ओळखत होतो. सगळ्या मैदानासमोर, तुझ्या हार घातलेल्या फोटोसमोर, तो हात वर गेला.

मी ड्रमवर काठी हाणली. जीव खाऊन. त्या एका ठोक्याने नाना दचकले. आणि काकी वर गेलेल्या त्या हाताकडे बघत, अगदी शांतपणे मला म्हणाल्या, "आता वाजव."

हळू वाजवलं नाही मी. इतक्या वर्षांत इतकं कधी वाजवलं नव्हतं. लूमची खटखट धरली ती खरोखर लूमच धडधडल्यासारखी. तुझा आवाज आला, पहिली ओळ आली, आणि आता ती सगळ्यांना कळत होती. डाव्या बाजूच्या ड्रमचं कातडं फाटलं, तरी मी वाजवत राहिलो. भुवईवरची खूण ठणकत होती. मी रडत होतो आणि तुला शिव्या घालत होतो, की बघ, आली मराठीत, तुझ्याशिवाय आली, थांबायला काय झालं होतं तुला. किंकाळी आली. समोर शेकडो माणसं होती आणि एकाचा हात वर गेला नाही. ज्यांनी नानांना खांद्यावर उचललं होतं ते दोघं जमिनीकडे बघत उभे होते. नानांचा हात कधी खाली आला ते मला दिसलं नाही. ते स्टेजवरून उतरले तेव्हा लोकांनी त्यांना वाट दिली, पण नमस्कार कोणी केला नाही. तुझा तो मामा, जो परत गेला होता, तो स्टेजच्या पायरीशी येऊन उभा होता. रात्री तो काकींना घेऊन गेला.

आपलं भांडण, हर्षी, अजून मिटलेलं नाही. तू म्हणायचीस मराठीत ते येत नाही, मी म्हणायचो येतं. आता तू म्हणशील, बघ, मी सांगितलं होतं ना, आईच बोलेल. आणि हे म्हणताना माझ्या डोक्यात टपली मारशील. मी ती टपली मिळाली असं धरून चालतो. लोडिंगवाल्या पोराला उचलून तू त्याच्या हातून एवढा आवाज काढलास, त्याबद्दल तुला कधी दोन शब्द चांगले बोललो नाही. बोललो असतो तर तू हसली असतीस, म्हणून बोललो नाही.

गर्दी पांगल्यावर मी फाटलेला ड्रम सोडवत होतो. काकी माझ्याशेजारी येऊन बसल्या. त्यांनी ते फाटलेलं कातडं बोटाने चाचपलं. मग विचारलं, "दिनेश, खरा सांग. तिकरं परदेशान तिला कोनी मारत तर न्हवता ना?"

मी म्हणालो, "नाही काकी. तिकडे तीच मारायची."

काकी हसल्या. तो जबडा जेवढा उघडतो तेवढ्या हसल्या.